साड्यांचा ढीग वाढला की डोकं का अडतं

मागच्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता होता आणि आम्ही सात बायका नागपूरला इतवारीतल्या एका दुकानात सकाळी अकरापासून गादीवर बसलो होतो. बाकी खरेदी होत आली होती, मावशीला फक्त विहीणबाईंसाठी एक साडी घ्यायची राहिली होती, एकच. पहिल्या वीस मिनिटांत सातआठ साड्या समोर आल्या, त्यातली एक मोरपंखी, बारीक जरीकाठाची मावशीने उचलली, पदर खांद्यावर टाकून आरशात बघितलं आणि म्हणाली, "बरी आहे गं, पण अजून बघू." तिथून पुढे दीड तास. मुलगा एकेक घडी सोडत होता, सर्रकन पसरवत होता, आम्ही सगळ्या आपापली मतं देत होतो, ढीग मांडीपर्यंत आला आणि मावशी अचानक गप्प झाली. म्हणाली, "मला आता काहीच कळेना झालंय, चला, उद्या येऊ." मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, सकाळी आवडलेली मोरपंखी साडी त्याच ढिगात पडलेली होती आणि आता तिला तीही आवडत नव्हती.

मग काउंटरवरून एक वयस्कर सेल्समन काका उठून आले. त्यांनी नवीन एकही साडी काढली नाही. खाली बसले, समोरच्या साड्यांच्या घड्या घालायला लागले आणि घड्या घालता घालता विचारलं, "विहीणबाई रंगानं कशा आहेत मावशी? जड साडी नेसतात का हलकी? आणि ही लग्नात नेसणार की नुसती मानाची?" तीन प्रश्न. मावशी उत्तरं देत होती तसतसे काका न विचारता एकेक साडी मागे टाकत होते. पाच मिनिटांनी गादीवर चारच उरल्या. "आता या चारांत बघा." मावशीने मोरपंखी उचलली, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या काकांनी जे केलं ते मला तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण पर्याय जास्त झाले की माणसाचं काय होतं यावर मानसशास्त्रात गेली पंचवीस-तीस वर्षं जे संशोधन आणि जी भांडणं चाललीयेत त्यातलं अर्ध तर त्यांनी गादीवर बसून करून दाखवलं. ते सगळं नीट, साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

सगळ्यात गाजलेला प्रयोग जॅमचा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि २००० साली छापून आणला. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क म्हणून गाव आहे, तिथे ड्रेगर्स नावाचं मोठं किराणा दुकान, एकेका वस्तूचे भरपूर प्रकार ठेवण्याबद्दल प्रसिद्ध. तिथे त्यांनी जॅम चाखायचं टेबल लावलं, काही तास टेबलावर २४ प्रकारचे जॅम आणि काही तास फक्त ६. चाखणाऱ्याला जॅमवर १ डॉलर सूट मिळायचं कूपन. २४ बाटल्या मांडलेल्या असताना तिथून गेलेल्या २४२ जणांपैकी १४५ जण थांबले, म्हणजे शंभरातले ६०. सहा असताना २६० पैकी १०४, म्हणजे ४०. इथपर्यंत दुकानदाराला वाटणार की चोवीसवालं टेबलच भारी, गर्दी तिथे आहे. पण पुढे विकत किती जणांनी घेतला? सहाच्या टेबलाशी थांबलेल्या १०४ पैकी ३१ जणांनी घेतला, चोवीसच्या टेबलाशी थांबलेल्या १४५ पैकी फक्त ४ जणांनी. चार! आणि चाखताना दोन्हीकडे लोकांनी सरासरी एकदोनच चवी घेतल्या होत्या, म्हणजे पोट भरलं म्हणून घेतला नाही असंही नाही.

याच दोघांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवरही असंच बघितलं. जास्तीच्या मार्कांसाठी एक छोटा निबंध लिहायचा, मनावर आहे, लिहा नाहीतर सोडा. काहींना ६ विषय दिले, काहींना ३०. सहा विषयवाल्यांपैकी ७४ टक्क्यांनी निबंध लिहिला, तीस विषयवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी, आणि सहावाल्यांचे निबंधही जास्त चांगले होते.

असं का होतं हे समजायला आधी थोडं गणित बघू, अवघड नाहीये. चार साड्या समोर असतील आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची तर ६ जोड्या होतात. चाळीस साड्या असतील तर? ७८० जोड्या. साड्या दहापट झाल्या, पण तुलना १३० पट झाली. एवढ्या तुलना कुणीच करत नाही अर्थात, पण मन करायला जातं, मध्येच थकतं, आणि आपण सगळं नीट बघितलंच नाही अशी एक रुखरुख मागे ठेवतं. त्यात तुलना करायची ती तरी कशाची, एकीचा रंग चांगला, दुसरीचा काठ, तिसरीची किंमत, चौथीचं कापड अंगावर छान बसतं. एका फूटपट्टीने मोजता आलं असतं तर चाळीस काय चारशेसुद्धा चालल्या असत्या.

दुसरी गोष्ट घडते ती सोडून दिलेल्या पर्यायांमुळे. आपण एक निवडतो म्हणजे बाकीचे सगळे सोडतो, आणि सोडलेल्या प्रत्येकात काही ना काही चांगलं असतंच. चार असतील तर तीनच सोडले. चाळीस असतील तर एकोणचाळीस, आणि मनात त्या एकोणचाळीसांतल्या सगळ्या चांगल्या गोष्टी एकत्र होऊन एक अशी साडी तयार होते जी दुकानात कुठेच नाहीये, पण हातातली साडी तिच्यापुढे फिकी पडते. मावशीला मोरपंखी आवडेनाशी झाली ती यामुळेच, साडी तीच होती, तिच्या शेजारी काय काय पडलंय ते बदललं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते, दोष कुणावर जातो. गावात एकच दुकान आणि दुकानात दोनच साड्या असतील आणि घरी आणल्यावर साडी बरी वाटली नाही तर आपण म्हणतो, काय करणार, तिथे मिळतच नाही काही. पण चाळीसांतून निवडून आणलेली साडी बरी वाटली नाही तर? तर चूक आपली. एवढं सगळं समोर होतं आणि तुला साधी एक साडी निवडता आली नाही. नुसत्या साडीपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण हेच कॉलेजचं, नोकरीचं, लग्नाच्या स्थळाचं, घराचं, औषधोपचाराचं होतं तेव्हा माणूस स्वतःला खात बसतो. बॅरी श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००४ च्या त्यांच्या पुस्तकात यावरच भर दिलाय, की पर्याय वाढले तसा खेदही वाढला आणि त्याचा बोजा माणसाच्या एकट्याच्या डोक्यावर आला.

श्वार्ट्झ आणि त्यांच्या सोबतच्यांनी माणसांची दोन टोकं सांगितलीयेत, आपण सगळे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. एका टोकाला ज्यांना प्रत्येक वेळी सगळ्यात चांगलं तेच पाहिजे, सगळं बघून झाल्याशिवाय चैन नाही. दुसऱ्या टोकाला ज्यांच्या मनात एक अट असते, ती पूर्ण करणारं पहिलं जे भेटेल ते घेतात आणि पुढे चालायला लागतात. या दुसऱ्या पद्धतीची कल्पना मुळात हर्बर्ट सायमन यांची, १९५६ ची, पुढे १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोक्याची ताकद तिन्ही मर्यादित आहेत, मग सगळ्यात उत्तम शोधत बसणं हे शहाणपण नाहीच, पुरेसं चांगलं सापडलं की थांबणं हे शहाणपण. इंग्रजीत त्यांना त्यासाठी 'सॅटिस्फाइस' असा वेगळा शब्द वापरावा लागला. आपल्याकडे तो आधीपासून आहे, 'चालेल'. आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, पण त्याला थोडा कमी दर्जा देतो, जणू चालेल म्हणणारा माणूस म्हणजे ज्याला काही आवडनिवडच नाही. मला वाटतं उलट आहे, मनापासून चालेल म्हणायला आधी स्वतःची अट माहीत असावी लागते.

२००६ साली छापून आलेल्या अभ्यासात अय्यंगार, वेल्स आणि श्वार्ट्झ यांनी कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा वर्षभर माग काढला. ज्यांना 'सगळ्यात चांगलीच' नोकरी हवी होती त्यांना खरोखर जास्त पगार मिळाला, थोडाथोडका नाही, २० टक्के जास्त. आणि तेच लोक मिळालेल्या नोकरीबद्दल कमी समाधानी होते, शोधाशोधीच्या काळात जास्त अस्वस्थ, जास्त दमलेले. बाहेरून बघितलं तर जिंकले, आतून विचारलं तर हरल्यासारखं वाटत होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती न सांगता जॅमची गोष्ट सांगणं हे वाचणाऱ्यावर अन्याय आहे असं माझं मत आहे. जॅमचा प्रयोग गाजल्यावर जगभर लोकांनी तसेच प्रयोग केले, कुणाला तसाच निकाल आला, कुणाला काहीच फरक दिसला नाही, कुणाला तर उलटं दिसलं, पर्याय जास्त तर लोक जास्त खूश. २०१० साली शायबेहेना, ग्राइफेनेडर आणि टॉड या तिघांनी असे ५० प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे 'पर्याय जास्त म्हणजे त्रास जास्त' हा सरसकट नियम नाहीच. मग २०१५ साली चर्नेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला, त्रास होतो का हे न विचारता त्रास कधी होतो हे विचारलं आणि ९९ निरीक्षणं तपासून चार गोष्टी काढल्या. पर्याय एकमेकांशी तुलना करायला अवघड असले, निवडायचं काम घाईचं किंवा किचकट असलं, आपल्याला काय हवंय तेच माहीत नसलं, आणि नुसतं बघायला नाही तर आत्ताच्या आत्ता निवडायलाच आलेलो असलो, की डोकं अडतं. नाहीतर नाही.

हे एकदा कळलं की कितीतरी गोष्टी जागेवर बसतात. भाजीबाजारात पन्नास भाज्या असतात, तिथे कुणाला चक्कर येत नाही, कारण आपण घरून ठरवून निघतो, मेथी आणि वांगी. टपरीवर चहा कुठला विचारत नाहीत. पण वीस पानांच्या मेन्यूकार्डाच्या हॉटेलात सहा जणांचं कुटुंब अर्धा तास 'तू सांग, नाही तू सांग' करत बसतं आणि शेवटी पनीरच मागवतं. सेल्समन काकांनी साड्यांची संख्या कमी केली असं मला आधी वाटलं होतं, पण त्यांचं खरं काम ते तीन प्रश्न होते, त्यांनी मावशीला काय हवंय ते मावशीलाच सांगितलं, साड्या मग आपोआप कमी झाल्या.

हे सगळं लिहायला बसले त्याचं खरं कारण माझी भाची, भावाची मुलगी. सीईटी दिली, पर्सेंटाइल बरं आलं, आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा, म्हणजे एकत्रित प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली. ज्यांच्या घरी हे झालं नसेल त्यांच्यासाठी सांगते, महाराष्ट्रात एकेका कॉलेजातल्या एकेका ब्रँचला वेगळा चॉइस कोड असतो आणि फॉर्ममध्ये असे जास्तीत जास्त ३०० पर्याय पसंतीच्या क्रमाने टाकता येतात. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला जास्तीत जास्त १० कॉलेजं टाकता येतात, इथे ३००. अठरा वर्षांची पोर, समोर लॅपटॉप, एक्सेलमध्ये दोनशे चौदा ओळी, प्रत्येक ओळीत मागच्या तीन वर्षांचे कटऑफ, फी, प्लेसमेंट, घरापासून अंतर. शेजारी बाबांचा मोबाइल, त्यात चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दर दहा मिनिटांनी कुणीतरी नवीन यादी टाकतंय. रात्री साडेअकराला तिने एक ओळ एकशे बाराव्या नंबरवरून एकशे नवव्यावर नेली, मग परत एकशे बारावर आणली, आणि रडायला लागली. वहिनी मला फोन करून म्हणाली, "तूच ये बाई, आमचं डोकं चालत नाहीये."

मी गेले तेव्हा मला ते काका आठवले. लॅपटॉप बंद करायला लावला आणि साधे प्रश्न विचारले. होस्टेलला राहशील का? बाबांना वर्षाला किती फी जमेल, खरं सांगायला सांग त्यांना. आणि कुठली ब्रँच अशी आहे जी कितीही मोठ्या कॉलेजात मिळाली तरी तुला नकोच आहे? पहिल्या दोनांची उत्तरं आली. तिसऱ्याला ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आत्या, मला मेकॅनिकल नाही करायचं, बाबांनी सांगितलं म्हणून टाकलंय." भाऊ तिथेच बसला होता. तो म्हणाला, "अगं मग आधी सांगायचं ना." दोनशे चौदातल्या बऱ्याच ओळी त्या एका वाक्याने गेल्या. उरलेल्यांचे आम्ही गठ्ठे केले, मनापासून हवेत असे दहाबारा, मिळाले तर आनंद आहे असे वीसेक, आणि खाली नुसती सोय म्हणून. वरच्या गठ्ठ्यात क्रम नीट लावला, तळाच्या गठ्ठ्यात कटऑफप्रमाणे ओळी लावून दिल्या, तिथे दोन ओळी वरखाली झाल्याने आयुष्य बदलणार नव्हतं. साडेबाराला ती झोपली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे कारण यावरून पालकांमध्ये फार गैरसमज आहेत. ३०० पर्याय टाकता येणं हे वाईट नाहीये, उलट मुलांच्या बाजूचं आहे. सीट देताना मोटामोटी असं होतं की मेरिटच्या क्रमाने एकेकाची यादी वरून खाली बघितली जाते आणि जी पहिली शिल्लक जागा सापडते ती दिली जाते. म्हणजे वर एखादं अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजचा तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणून 'मिळेल का' याचा विचार करून क्रम लावायचा नसतो, 'हवं का' याचा करून लावायचा असतो. दहाच जागा असतील तिथे मात्र मिळेल का याचाही विचार करावा लागतो, नाहीतर दहाही अवघड टाकून हात हलवत परत यायची वेळ येते. आणि पहिल्या राउंडला पहिल्याच नंबरचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, तेव्हा एक नंबरवर टाकताना हात जरा थांबवा. एवढंच गणित आहे. बाकी सगळी भीती दोनशे ओळी एकदम डोळ्यासमोर असण्याची असते.

भाचीकडे निदान एक्सेल होतं, आत्या होती, वायफाय होतं. माझे काका यवतमाळ जिल्ह्यात कापूस करतात, त्यांचं मे-जूनमधलं बघा. बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा तीन संकरित वाण होते, पुढच्या दहा वर्षांत बाजारात आलेल्या वाणांची संख्या हजाराच्या वर गेली. कृषी केंद्राच्या काउंटरवर पिशव्या रचलेल्या, प्रत्येकीवर टपोऱ्या बोंडांचा फोटो, नावं एकाहून एक दमदार. किमतीवरून काही कळेल म्हणावं तर कमाल किंमत सरकार ठरवतं, २०१६ पासून सगळ्यांना तीच. आतलं बी डोळ्यांनी बघून ओळखता येत नाही. आणि निवड बरोबर होती की चूक हे कळतं दिवाळीच्या सुमारास, तेव्हा पाऊस, बोंडअळी, खत, जमीन सगळं मिसळून गेलेलं असतं, बियाण्यामुळे काय झालं हे वेगळं काढताच येत नाही. वर सांगितलेल्या चार गोष्टी आठवा, इथे सगळ्या हजर आहेत. काका म्हणतात, "ज्याचं वावर मागच्या साली बरं दिसलं, तो जे नेते तेच मी नेतो." ग्लेन स्टोन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी शेजारच्या तेलंगणात वरंगळ जिल्ह्यात बरीच वर्षं अभ्यास करून नेमकं हेच टिपलंय, २००७ साली त्यांचा लेख आला. एका वर्षी सगळं गाव एका वाणामागे धावतं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच, आणि त्याला शेतातल्या अनुभवाचा आधार फारसा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आधी थोडं पेरून बघायचा, मग वाढवायचा, ती शिकायची साखळीच तुटते कारण शिकून होईपर्यंत नावं बदललेली असतात. मला याचा राग येतो. मॉलमध्ये गोंधळलेला माणूस फार तर जॅम न घेता घरी जातो, काकांचं मात्र वर्ष जातं, आणि वर ऐकावं लागतं की तुम्हीच निवडलं होतं ना.

म्हणून पर्याय मांडणाऱ्याची जबाबदारी मोठी असते असं मला वाटतं, आणि ती घेतली की किती फरक पडतो हे पैशांच्या बाबतीत छान दिसतं. अमेरिकेत नोकरदारांच्या निवृत्तीच्या पैशांची योजना असते, त्यात पगारातून पैसे कापून कुठल्या फंडात घालायचे ते माणूस निवडतो. अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासात ६४७ योजनांमधल्या जवळपास ८ लाख कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. योजनेत दहा फंड वाढले की भाग घेणारे दीड ते दोन टक्क्यांनी कमी होत होते. आणि बऱ्याच ठिकाणी कंपनी स्वतःचे पैसेही वर घालते, म्हणजे लोक निवडता येईना म्हणून फुकटचे पैसे सोडून देत होते, 'नंतर बघू' म्हणत.

आपल्याकडे एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, १ मे २००९ पासून सगळ्या नागरिकांना खुली झाली, त्यात एक चांगली सोय आहे. स्वतः निवडायचं नसेल तर ऑटो चॉइस. त्यातल्या मध्यम प्रकारात वयाच्या ३५ पर्यंत निम्मे पैसे शेअर्समध्ये, मग दरवर्षी थोडे थोडे कमी होत ५५ ला १० टक्क्यांवर. ज्याला कळतं त्याने स्वतः निवडावं, पण ज्याला कळत नाही तो काहीच न निवडता अडकून पडत नाही. शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेही ऑक्टोबर २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांचे ३६ गट ठरवून दिले आणि बहुतेक गटांत एका कंपनीने एकच योजना ठेवायची असा नियम केला. तोपर्यंत एकाच कंपनीच्या चारचार योजना, नावं वेगळी आणि आत जवळपास सारखंच. आजही फंड भरपूर आहेत, पण गट ठरलेले असल्याने निदान तुलना तरी सारख्याची सारख्याशी होते. ढीग तेवढाच ठेवून घड्या घालून दिल्या म्हणा ना.

आता शेवटची एक गोष्ट, समाधानाबद्दलची, आणि ही मला स्वतःला पटायला वेळ लागला. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी, २००२ साली छापून आलेल्या एका प्रयोगात, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी फोटोग्राफीचा छोटा कोर्स घेतला. प्रत्येकाने स्वतः काढलेल्या फोटोंपैकी दोन आवडीचे मोठे छापले, आणि मग सांगितलं की एक तुम्ही ठेवा, एक आम्हाला द्या. काहींना सांगितलं, निवड कायमची, बदलता येणार नाही. काहींना सांगितलं, काही दिवस आहेत, वाटलं तर बदलून न्या. नंतर विचारलं तर ज्यांना बदलता येत नव्हतं त्यांनाच आपला फोटो जास्त आवडत होता. दार बंद झालं की मन आत रमायला लागतं, दार अर्धवट उघडं असलं की नजर तिकडेच जाते. आणि आधी विचारलं तर बहुतेक लोक बदलायची सोय असलेलाच पर्याय मागतात, हे यातलं सगळ्यात विशेष.

भाचीच्या बाबतीत मी हे अगदी जवळून बघितलं. पहिल्या राउंडला तिला यादीतलं सातव्या नंबरचं मिळालं. कॅपमध्ये तेव्हा दोन रस्ते असतात, सीट फ्रीझ करायची, म्हणजे हीच पक्की म्हणून थांबायचं, किंवा बेटरमेंट ठेवून पुढच्या राउंडची वाट बघायची. बेटरमेंट ठेवणं योग्यच होतं, हातातली सीट जात नाही, वरचं मिळालं तर फायदा. तिने ठेवलं. पण त्या आठदहा दिवसांत ती मिळालेल्या कॉलेजबद्दल एक शब्द चांगलं बोलली नाही. पूर्ण वेळ मोबाइलवर, कुठल्या कॉलेजचं कटऑफ किती पॉइंटने हुकलं, कुणी सीट सोडली तर आपल्याला मिळेल का, कॉलेजचं नाव सुरू झालं की 'अजून फायनल नाहीये'. दुसऱ्या राउंडला काही बदललं नाही, सातवंच राहिलं, आणि तिने फ्रीझ केलं. तिसऱ्या दिवशी मला फोन, "आत्या, आमच्या कॉलेजची लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असते माहितीये?" आमच्या कॉलेजची! तेच कॉलेज, तीच ब्रँच, तिसरा दिवस.

तेव्हा मला इतवारीतला तो दिवस पुन्हा आठवला, त्यातला एक तुकडा सांगायचा राहिलाय. मोरपंखी साडीचं बिल झालं आणि दुकानातल्या पोराने सांगितलं, "मावशी, आठ दिवसांत बदलून मिळेल, फक्त फॉल लावू नका." मावशीची पावलं दुकानाच्या पायऱ्यांवरच रेंगाळली, पिशवीत हात घालून साडी परत अर्धी बाहेर काढली, उन्हात धरली, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. समोरच्याच गल्लीत एक बाई मशीन घेऊन बसली होती. मावशी सरळ तिच्याकडे गेली, साडी मांडीवर टाकली आणि म्हणाली, "फॉल-बिडिंग करून दे गं, आत्ताच, थांबते मी."